जुनी टर्बो गाडी घेताय? 'फक्त टर्बोचं काम आहे' या वाक्याचा हिशेब आधी समजून घ्या

उसाचं बिल जमा झालं किंवा सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्याकडे दोन चौकशा सुरू होतात. एक बोअरची आणि दुसरी गाडीची. नव्या चारचाकीचे भाव आता ऐकवत नाहीत, त्यामुळे दहा-बारा वर्षं चाललेली डिझेल गाडी बघायला माणसं निघतात. स्विफ्ट डिझेल, डिझायर, व्हिस्टा, बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा. नावं वेगळी असली तरी या डिझेल गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे टर्बो.

यातली एखादी गाडी बाजारभावापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर विकणारा किंवा मधला एजंट हमखास म्हणतो, "काही नाही हो, फक्त टर्बोचं काम आहे. पंधरा हजारात गाडी टकाटक." कधीकधी हे खरंही असतं. पण बऱ्याच वेळा टर्बो हा आजार नसतो, आजाराचं लक्षण असतं. हा फरक पैसे देण्याआधी ओळखता आला तर एका हंगामाची कमाई वाचते.

टर्बो काय करतो?

सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाया न घालवता त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरवतात. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त गेली की डिझेल पूर्ण जळतं आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. स्विफ्ट-डिझायरचं डिझेल इंजिन फक्त १२४८ सीसीचं आहे. हे मूळचं फियाटचं इंजिन, तेच टाटाच्या व्हिस्टा आणि मांझात होतं, फियाटच्या पुंटो-लिनियातही होतं. एवढ्या लहान इंजिनाला पाच माणसं आणि डिकीत दोन पोती घेऊन घाट चढता येतो तो टर्बोमुळे.

आता खरी मेख ऐका. हा दांडा मिनिटाला एक लाखाच्या पुढे फेरे घेतो. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतं, म्हणजे किती फरक झाला बघा. एवढ्या वेगाला या गाड्यांत बॉल बेअरिंग नसतं. दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि ते ऑइल इंजिनाचंच असतं. ऑइल कमी झालं, काळं डांबरासारखं झालं, किंवा ऑइल आणणारी बारीक नळी तुंबली, तर काही सेकंदांत बेअरिंग घासायला लागतं. म्हणून टर्बो गेलेली गाडी समोर आली की पहिला प्रश्न 'टर्बो केवढ्याला?' हा नको. 'टर्बो का गेला?' हे आधी विचारा.

एका डिझायरचा हिशेब

आमच्या शेजारच्या गावातल्या दूध संकलन करणाऱ्या एका तरुणाने मागच्या वर्षी २०१२ ची डिझायर १ लाख ७० हजारांना घेतली. त्याच मॉडेलची चांगली गाडी तेव्हा २ लाख ४० हजारांना मिळत होती. निळा धूर होता, पिकअप नव्हतं. 'फक्त टर्बो' म्हणून १४ हजारांत जुना दुरुस्त केलेला टर्बो बसवला. चार महिन्यांत तोही गेला. गॅरेजवाल्याने १२ हजारांत आतला कोर पुन्हा बदलला, धूर तसाच. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने खालचा ऑइल चेंबर उतरवला. ऑइल ओढणाऱ्या जाळीवर काळा गाळ बसलेला होता आणि पिस्टनच्या रिंगा पार झिजलेल्या होत्या. इंजिन काम ६८ हजार. सगळं मिळून गाडी २ लाख ६४ हजारांना पडली, शिवाय दीड महिना दुधाचे कॅन भाड्याच्या टेम्पोत गेले ते वेगळंच.

रिंगा आणि टर्बोचा संबंध काय, असं वाटेल. तो असा आहे. रिंगा झिजल्या की जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये शिरतो आणि तिथे दाब वाढतो. टर्बोतून परत येणारं ऑइल मात्र दाबाने येत नाही, उतारावरून पाणी यावं तसं आपल्या वजनाने खाली येतं. खालून दाब आला की ते अडतं, टर्बोत साचतं आणि सीलमधून हवेच्या पाइपात गळतं. टर्बो उघडून बघणाऱ्याला ऑइल दिसतं आणि तो म्हणतो टर्बो गेला. नवा टर्बो लावला तरी तोही तसाच गळणार. आजार खाली असतो आणि बिल वरच्याचं होतं.

बघायला जाल तेव्हा

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खांदा चाचपतो. गाडीला मात्र पॉलिश आणि सीटकव्हर बघून हात मिळवतो, हे मला कायम नवल वाटतं.

सकाळी जा आणि गाडी थंड असताना बघा. "तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली," असं कोणी म्हणालं तर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत या, किंवा दुसरी गाडी बघा. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. किती वेळ स्टार्टर मारावा लागतो ते बघा. सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत पुढच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. १.३ च्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत चेन आणि तिचा ताण धरणारा टेन्शनर सैल पडतो. चेनने दात सोडला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, मग गोष्ट टर्बोच्या खूप पलीकडे जाते.

सुरू करण्याआधी डिपस्टिक ओढा. या इंजिनात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास ऑइल मावतं, त्यामुळे अर्धा-पाऊण लिटर कमी असणं ही किरकोळ बाब नाही. डिझेल गाडीचं ऑइल काळंच असतं, रंगावरून घाबरू नका. ते बोटावर घेऊन चोळा. कचकच लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल तर सावध व्हा. वर गेलेली पातळी म्हणजे ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काम. कूलंटची टाकीही इंजिन थंड असतानाच उघडा. वर तेलाचा तवंग आहे का बघा. गरम असताना झाकण फिरवलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, तिथे घाई नको.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. थोडी वाफ, हलकी फुंकर चालते. पण झाकण टणाटण उडायला लागलं आणि भकाभका धूर आला, तर रिंगा-बोअर गेलेत असं धरून चाला. गॅरेजवाले याला ब्लो-बाय म्हणतात. माझ्या मते जुन्या डिझेल गाडीची ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे आणि तिला रुपयाही लागत नाही. विकणारा झाकण उघडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

धुराचा रंग नीट बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला, हवेचा पाइप फाटलेला, इजीआर काजळीने भरलेला किंवा नोझल खराब. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोतून किंवा रिंगांतून. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतोच, पण गाडी गरम झाल्यावरही दाट येत राहिला तर पाणी आत जातंय किंवा डिझेल न जळता बाहेर पडतंय.

टर्बो स्वतःही तपासता येतो. हवेचा पाइप टर्बोच्या तोंडावरून काढायला पाना आणि दहा मिनिटं लागतात. इंजिन बंद आणि थंड हवं, चालू इंजिनात तिथे बोट घालायचं नाही. आतला छोटा पंखा बोटाने फिरवा, तो सहज फिरला पाहिजे. बाजूला किंचित हलला तर ते चालतं, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पुढे-मागे खेचल्यावर हलत असेल, पाती घरावर घासल्याची चमक दिसत असेल किंवा पात्यांची टोकं तुटली असतील, तर टर्बो गेला. पाइपात ऑइलचा हलका ओलावा बहुतेक जुन्या गाड्यांत असतो. थेंब थेंब साचलेलं असेल तर मात्र विचार करा.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगाला असताना एक्सलेटर पूर्ण दाबा. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गाडीने पाठीत धक्का दिल्यासारखं ओढलं पाहिजे. बारीक शिटी येणं साहजिक आहे. ॲम्ब्युलन्सच्या भोंग्यासारखा चढता आवाज आला तर पंखा घासतोय. 'फुस्स' असा आवाज येऊन जोर येत नसेल तर बहुतेक पाइप फाटलाय, आणि ही आनंदाची बातमी असू शकते. आमच्या गावातल्या एका शिक्षकांनी 'टर्बो गेलेली' व्हिस्टा स्वस्तात घेतली. इंटरकूलरचा रबरी पाइप क्लॅम्पच्या खाली चिरलेला निघाला. बाराशे रुपयांत गाडी पळायला लागली आणि अजून पळतेय.

चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागतच नसेल तर तो कोणीतरी बंद केलाय. स्कॅनर लावून घ्या, तालुक्याच्या गावाला आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. पी ०२९९ हा कोड आला तर टर्बोचा दाब कमी पडतोय, पी ०२३४ म्हणजे दाब जास्त होतोय, पी ००८७ म्हणजे डिझेलच्या रेलमध्ये दाब कमी आहे. पण कोड फक्त काय होतंय ते सांगतो, का होतंय ते सांगत नाही. पी ०२९९ बघून थेट टर्बो बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला आधी पाइप तपासायला सांगा.

दुरुस्ती स्वस्ताकडून महागाकडे

क्रम हा ठेवा. आधी एअर फिल्टर आणि हवेचे सगळे पाइप-क्लॅम्प. मग व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि वायरिंग. आपल्याकडे गाडी गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी असते आणि उंदरांना या रबरी नळ्या फार आवडतात. शहरातल्या मेकॅनिकच्या हे पटकन लक्षात येत नाही. त्यानंतर डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी आणि इजीआरची सफाई. मग नोझलची तपासणी पंपवाल्याकडून. टर्बोला हात शेवटी लावायचा.

एक ताकीद. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो. इंजिन चालू असताना नोझलकडे जाणारी पाइप सैल करून बघायची जुनी सवय या इंजिनांना चालत नाही. तो बारीक फवारा कातडीत सुईसारखा घुसतो आणि हात गमावण्याची वेळ येते. जुन्या ट्रॅक्टरवर हात बसलेल्या मिस्त्रीला हे आवर्जून सांगा.

टर्बो खरोखर बदलायचाच असेल तर तीन मार्ग असतात. पूर्ण नवा, फक्त आतला कोर नवा, किंवा भंगारातून काढलेला. भंगारातला मी तरी घेणार नाही, तो आधीच्या गाडीत का थांबला ते कोण सांगणार? कोर बदलणं बऱ्याचदा परवडतं, पण तो मशीनवर बॅलन्स केलेला हवा आणि बिलावर वॉरंटी लिहून हवी. स्विफ्टच्या ७५ एचपीच्या इंजिनाचा टर्बो साधा आहे, एर्टिगा आणि सियाझच्या ९० एचपीच्या इंजिनाला व्हीजीटी म्हणजे आतली पाती हलणारा टर्बो आहे. इंजिन एकच म्हणून एकाचा दुसऱ्याला बसेल असं समजू नका. व्हीजीटीची पाती काजळीने अडकतात. कधी नुसत्या सफाईवर काम भागतं, म्हणून आधी उघडून बघायला सांगा.

बसवताना समोर उभं राहा. ऑइल आणणारी नळी नवी टाकायला लावा, निदान आतून स्वच्छ करून आरपार उजेड दिसतो का बघा. परत जाणारी नळी मोकळी आहे का तेही बघा. चेंबर उतरवून जाळी साफ करा, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे टाका. इंटरकूलरमध्ये साचलेलं जुनं ऑइल काढून टाका. ऑइलच्या जोडांवर सिलिकॉनची पेस्ट लावू देऊ नका, तिचा तुकडा सुटून आत गेला की नळी बंद होते. नव्या टर्बोत थोडं ऑइल ओतून, इंजिन सुरू न होऊ देता काही वेळ स्टार्टर मारायचा. मग सुरू करून दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, एक्सलेटर द्यायचा नाही. ही कामं न करता अर्ध्या तासात टर्बो बसवून देणारा गॅरेजवाला तुमचा पुढचा टर्बोही विकायच्या तयारीत आहे.

आणखी एक धोका माहीत असू द्या. टर्बोचं सील एकदम फुटलं तर इंजिनाचं ऑइलच हवेच्या वाटेने आत जातं आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवर चालायला लागतं. पांढरा-निळा धूर, इंजिन आपोआप किंचाळायला लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. अशा वेळी गाडीतच असाल तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. खाली उतरला असाल तर बॉनेट उघडून जवळ जाऊ नका. लांब व्हा आणि लेकराबाळांना लांब करा.

म्हणूनच निळा धूर टाकणारी गाडी घेऊन "चालवत घरी नेतो" म्हणू नका. टोइंगने न्या.

कागदपत्रं

इंजिन आणि चेसीचा नंबर आरसीशी जुळवा. टर्बो-इंजिनाचा त्रास असलेल्या गाड्यांत हे विशेष महत्त्वाचं, कारण कोणीतरी भंगारातलं इंजिन टाकून मोकळं झालेलं असतं आणि आरसीवर नोंद नसते. अपघात झाला की विमा कंपनी नंबर बघते, तेव्हा वाद नको. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा आणि फिटनेसची मुदत बघा, दंडाच्या पावत्याही तपासा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी आज घेतली तर २०२७ मध्ये तपासणी, फी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागेल. ते पैसे किमतीतून आत्ताच वजा करून बोला. परराज्याच्या पासिंगची गाडी असेल तर अजून जपून. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातल्यानंतर तिथल्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. गाडी चांगलीही असेल, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स कोण भरणार हे व्यवहाराआधी ठरवा. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यात. सुटे भाग अजून सर्रास मिळतात, उलट एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्याने स्विफ्ट-डिझायरचं काम येणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्याला सापडतो.

भाव कसा धरायचा? त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीची किंमत काढा. झाकण उघडल्यावर दाब नसेल, ऑइल-पाणी स्वच्छ असेल आणि दोष हवेच्या वाटेतला असेल, तर टर्बोचा पूर्ण खर्च आणि वर दहा हजार कमी करून व्यवहार करायला हरकत नाही. दाब असेल तर पूर्ण इंजिन कामाचे पैसे कमी करून मागा. विकणारा चिडेल, चिडू द्या. बयाणा द्यायच्या आधी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

घेतल्यावर जुन्या नोंदींवर विश्वास न ठेवता पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि तिन्ही फिल्टर बदला, पुढे १० हजार किलोमीटरची वाट न बघता सात-आठ हजारांनाच बदलत राहा. आपल्या रस्त्यांवरची धूळ कंपनीच्या पुस्तकात धरलेली नसते. सकाळी सुरू केल्याबरोबर एक्सलेटर देऊ नका. लांबून किंवा घाट चढून आलात तर बंद करण्याआधी एखादं मिनिट इंजिन तसंच चालू ठेवा. लगेच बंद केलं तर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तोच कोळसा बेअरिंगमध्ये फिरतो. घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा, कारण गाडी तुमच्यापेक्षा तेच जास्त चालवणार आहेत.